डब्यावरचा त्रिकोण पिल्लांसाठी नाही

इंदूरच्या रहवासी संघांना आणि गोशाळांच्या व्यवस्थापकांना खुले पत्र

स.न.वि.वि.

पावसाळा ओसरू लागला की सुदामानगरपासून तिलकनगरपर्यंत वसाहतींच्या बैठकांत दोन मागण्या ठरलेल्या असतात. डासांसाठी धूर मारा, आणि कुत्र्यांच्या-गाईंच्या गोचिडींचं काहीतरी करा. दोन्ही रास्त आहेत. डेंग्यू माणसाला आडवं करतो, आणि गोचिडी जनावराचं रक्त शोषतात, वर ताप देऊन जातात. औषध मारूच नका, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. आमचं मागणं एवढंच आहे की औषध कोणतं आणि किती हे ठरवताना त्या जागी राहणाऱ्या जनावरांचं वय विचारा. आज हिशेब होतो तो फार तर वजनाचा. वयाचा होत नाही, आणि नुकसान नेमकं तिथं होतं.

सुरुवात डब्यापासूनच करू. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक तिरका चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या त्रिकोणात रंग भरलेला असतो. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे हा रंग ठरतो तो प्रयोगातले निम्मे उंदीर तोंडावाटे दिलेल्या किती मात्रेनं मरतात यावर. वजनाच्या किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅममध्ये मेले तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. बैठकीत कुणीतरी डबा हातात घेऊन म्हणतो, ‘निळा आहे, घाबरायचं कारण नाही.’ त्या निळ्या रंगाचा अर्थ इतकाच की वाढ झालेला उंदीर मारायला बरंच औषध लागतं. तान्ह्या जनावराबद्दल तो रंग काहीच सांगत नाही, आणि न मरता मेंदूचं काय होतं याबद्दल तर मुळीच नाही.

आकडे बघा. सायपरमेथ्रिन हे गोठ्यात सर्रास वापरलं जाणारं औषध. मोठ्या उंदरांत त्याची ही मारक मात्रा किलोला सुमारे २५० मिलिग्रॅम निघाली, आठ दिवसांच्या पिल्लांत सुमारे १५. मोठ्यासाठी पिवळ्या त्रिकोणात बसणारं औषध पिल्लासाठी लाल त्रिकोणात गेलं. डेल्टामेथ्रिनचंही तसंच: मोठ्यांत ८१ च्या आसपास, ११ दिवसांच्या पिल्लांत ५ च्या आसपास. क्लोरपायरिफॉस मोठे उंदीर किलोला २७९ मिलिग्रॅमपर्यंत सोसू शकले, नवजात पिल्लं ४५ पर्यंतच. हा फरक वजनातून आलेला नाही, कारण सगळे आकडे किलोमागेच आहेत.

कारण शरीराच्या कारखान्यात आहे. पायरेथ्रॉइड वर्गाच्या औषधांना (नावाच्या शेवटी ‘थ्रिन’ असलेली बहुतेक याच वर्गातली) यकृतातली आणि रक्तातली काही विकरं (एन्झाइम) तोडून निकामी करतात. ती विकरं जन्मतः फार थोडी असतात आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढतात. क्लोरपायरिफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरस (ऑर्गॅनोफॉस्फेट; इथं ‘सेंद्रिय’ म्हणजे नैसर्गिक नव्हे) औषधांचा शरीरात जो जास्त विषारी अवतार तयार होतो, तो तोडणाऱ्या पॅराऑक्सोनेज या विकराचीही हीच स्थिती. म्हणजे तेवढंच औषध पिल्लाच्या अंगात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात फिरत राहतं. त्यात कातडीचा हिशेब मिळवा. २० किलोच्या कुत्र्याच्या अंगाचा पृष्ठभाग किलोमागे साधारण ०.०३७ चौरस मीटर भरतो, अर्ध्या किलोच्या पिल्लाचा ०.१२७. अंग सारखंच भिजलं तर पिल्लाच्या वाट्याला वजनाच्या मानानं जवळजवळ साडेतीनपट औषध येतं. शिवाय पिल्लू स्वतःला चाटतं, आईला चाटतं, आणि आई त्याला.

तरी मरण हा या पत्राचा मुख्य विषय नाही. मेलेलं पिल्लू दिसतं आणि लोक हळहळतात. जे जगतं, वजन धरतं, चांगलं खातं आणि तरीही नीट शिकू शकत नाही, ते कुणाच्या लक्षात येत नाही. आम्हाला काळजी त्याची आहे.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात पेर एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या उंदरांवर केलेलं काम या बाबतीत डोळे उघडणारं आहे. त्यांनी पिल्लांना डीडीटीची एकच मात्रा दिली, किलोला अर्धा मिलिग्रॅम. काहींना वयाच्या तिसऱ्या दिवशी, काहींना दहाव्या, काहींना एकोणिसाव्या. पिल्लं आजारी पडली नाहीत. ती मोठी झाल्यावर प्रत्येकाला नव्या पिंजऱ्यात ठेवून तासभर त्याची हालचाल मोजली, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग करून. निरोगी उंदीर पहिली वीस मिनिटं खूप फिरतो, हुंगतो, मागच्या पायांवर उभा राहतो. दुसऱ्या भागात सवय होते, तिसऱ्यात तो शांत बसतो. दहाव्या दिवशी औषध मिळालेल्यांना ती सवयच होईना. शेवटच्या वीस मिनिटांतही ते नव्यासारखेच धावत राहिले, आणि त्यांच्या मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या संदेशवाहकाच्या काही ग्राहींची (तो संदेश झेलणाऱ्या रेणूंची) संख्या कायमची बदललेली सापडली. तिसऱ्या किंवा एकोणिसाव्या दिवशी तीच मात्रा मिळालेल्यांत हा बिघाड दिसला नाही. डीडीटी तेच, मात्रा तीच, फरक फक्त दिवसाचा. याच गटानं पुढे दहाव्या दिवसापासून आठवडाभर बायोअॅलेथ्रिन देऊनही मोठेपणीच्या वागणुकीत असेच बदल पाहिले. अॅलेथ्रिन हा डासांच्या अगरबत्तीत वापरला जाणारा वर्ग आहे.

नव्या गोष्टीची सवय न होणं म्हणजे काय, हे रस्त्यावरच्या कुत्र्याच्या संदर्भात लावून पाहा. दुचाकी रोज जाते, शाळेची व्हॅन रोज थांबते, दूधवाला रोज येतो. निरोगी पिल्लू चार-सहा दिवसांत त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतं. ज्याला सवय होत नाही, त्याला रोजची दुचाकी रोज नवी.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात थिओडोर स्लॉटकिन आणि एडवर्ड लेविन यांनी क्लोरपायरिफॉसबद्दल हेच खोलात दाखवलं. नवजात उंदरांना पहिल्या चार दिवसांत रोज किलोला १ मिलिग्रॅम दिलं, तर लाळ, थरथर, सुस्ती असं विषबाधेचं एकही लक्षण दिसत नाही. मोठेपणी मात्र चक्रव्यूहातली वाट लक्षात ठेवण्यात फरक पडतो, मेंदूतली सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहकाची यंत्रणा बदललेली असते, आणि नर उंदीर उंच चौकटीच्या भिंत नसलेल्या फांद्यांवर गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळतात. म्हणजे जिथं भीती वाटायला हवी तिथं ती कमी वाटते. नर-मादीत परिणाम वेगळा दिसणं हे या सगळ्या संशोधनात पुन्हा पुन्हा येतं, म्हणून ‘एका वेतातली दोन पिल्लं ठीक आहेत’ हा पुरावा होत नाही.

असं का होतं? वाढत्या मेंदूत ॲसिटिलकोलीन हा निरोप पोचवणारा तर असतोच, शिवाय कुठल्या पेशीनं किती वेळा विभागायचं, धागा कुठल्या दिशेला वाढवायचा, हे सांगणारा मुकादमही तोच असतो. मोठ्या जनावरात त्याच्या कामात दोन दिवस अडथळा आला तर औषधानं बंद पाडलेलं, त्याला तोडणारं विकर पुन्हा तयार होतं आणि गाडी रुळावर येते. बांधकाम चालू असताना मुकादमानं चुकीची खूण केली तर भिंत तिथेच उभी राहते. पायरेथ्रॉइड औषधं मज्जापेशींमधली सोडियमची दारं हवी त्यापेक्षा जास्त वेळ उघडी ठेवतात, आणि वाढत्या मेंदूतल्या दारांचे प्रकारही मोठ्यापेक्षा वेगळे असतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदराच्या मादीला गाभण असताना आणि पाजत असताना दर तीन दिवसांनी किलोला जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम डेल्टामेथ्रिन दिलं होतं. पिल्लं मोठी झाल्यावर जास्त चंचल निघाली, नर अधिक, आणि डोपामिन परत ओढून घेणारी प्रथिनं त्यांच्या मेंदूत वाढलेली होती. गोचिडींसाठी अंगावर मारतात ते डेल्टामेथ्रिन हेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि गोशाळा नि वसाहत यांचं वेळापत्रक वेगळं का हवं याचं कारण. सगळ्या जनावरांचा मेंदू एकाच वेळी वाढत नाही. उंदीर, कुत्रा आणि मांजर अपुरे जन्मतात. डोळे मिटलेले, कान बंद. त्यांच्या मेंदूची मोठी वाढ जन्मानंतर होते. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर, आणि तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात ते माणसाशी, इतर कुत्र्यांशी, आवाजांशी कसं वागायचं हे शिकतं. म्हणजे जपायचा काळ जन्मापासून तीन महिने. गाय, म्हैस, शेळी यांचं उलटं. वासरू तासाभरात उभं राहतं, कारण त्याच्या मेंदूची बरीचशी बांधणी पोटातच झालेली असते. तिथं जपायची ती गाभण गाय. नेमकी हीच गोष्ट गोठ्यात उलटी होते: ‘ही आता भाकड आहे, दूध बाजारात जात नाही, हिच्यावर बिनधास्त मारा.’ दुधाच्या दृष्टीनं हे बरोबर वाटतं. पोटातल्या वासराच्या दृष्टीनं यापेक्षा वाईट वेळ सापडणं कठीण. गाईचे गाभणपणाचे दिवस सुमारे २८०, म्हशीचे ३१० च्या आसपास. गाभण असल्याचं कळल्यापासून सेंद्रिय फॉस्फरस औषधं बंदच ठेवावीत, आणि अंगभर फवारणी टाळावी, शेवटच्या तीन महिन्यांत तर विशेष.

वसाहतींसाठी

भटक्या कुत्र्यांची वेतं आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत येतात. डेंग्यूचा हंगामही तेव्हाच, म्हणून धुराच्या फेऱ्याही तेव्हाच. पाण्याच्या टाकीखालची पोकळी, जिन्याखालचा कोपरा, बांधकामाच्या विटांचा ढीग, पार्किंगची मागची भिंत: पिल्लं जिथं असतात तिथंच डास बसतात, आणि धूर मारणारा नळी नेमकी तिथंच घालतो. माणूस ‘दारं-खिडक्या लावा’ ऐकून घरात जातो. पाच दिवसांच्या पिल्लाला उठून जाता येत नाही.

धुरात बहुधा मॅलाथिऑन हे सेंद्रिय फॉस्फरस औषध असतं, डिझेलमध्ये सुमारे ५ टक्के. १ लिटर औषधाला १९ लिटर डिझेल. घरात मारायला पायरेथ्रम अर्काचा २ टक्क्यांचा द्रव केरोसीनमध्ये, तोही एकास एकोणीस. धूर उडत्या डासालाच मारतो. टाकीतल्या, कूलरमधल्या, कुंडीखालच्या ताटलीतल्या अळीला त्यानं काही होत नाही, आणि एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची फेरी सात ते दहा दिवसांत पूर्ण होते. त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडं घासून वाळवणं हे डेंग्यूसाठी धुरापेक्षा मोलाचं काम आहे. नुसतं ओतून भागत नाही, अंडी काठाला चिकटलेली असतात, म्हणून घासायचं. वसाहतीत गाई-कुत्र्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या कुंडीत किंवा हौदात अळ्या मारायचं टेमेफॉस टाकू नका. तेही सेंद्रिय फॉस्फरसच आहे. हौद मोठा असेल तर गप्पी मासे सोडा किंवा डासांच्या अळ्या मारणाऱ्या बीटीआय जिवाणूची पूड वापरा.

धूर मारणं खरंच गरजेचं झालं तर तो पहाटे किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना. भर दुपारी तापलेली हवा धूर वर घेऊन जाते, डास वाचतात, आणि मग ‘परिणाम झाला नाही’ म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा फेरी होते. दुसऱ्या फेरीचं बहुतेक वेळा खरं कारण हेच असतं. फेरीच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी एक चक्कर मारून पिल्लं कुठं आहेत ते पाहून ठेवा आणि त्या जागेपासून दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मीटर नळी बंद ठेवायला सांगा. पिल्लं उचलून हलवू नका. आई त्यांना परत शोधते किंवा सोडून जाते, आणि दोन्ही वाईट.

गोचिडींचं गणित लोक उलटं मांडतात. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्यावर नसतेच. ती भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, चौकटीच्या मागे असते, आणि एक मादी तिथे हजारांनी अंडी घालते. पिल्लावर औषध मारून भेग तशीच ठेवली तर दहा दिवसांत पिल्लावर पुन्हा गोचिडी. मग पुन्हा औषध. म्हणून आधी भेगा सिमेंटनं बुजवा, उरलेल्या भागाला चुना लावा, पोती नि गोधड्या उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. हे सगळं कुत्री विण्याच्या आधी दोन-तीन आठवडे. नंतर पिल्लांच्या अंगावरच्या मोठ्या गोचिडी चिमट्यानं, कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल किंवा तेल लावू नका.

पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर मात्र थांबू नका. पिसवा आणि गोचिडींनी येणारा रक्तक्षय लहान पिल्लाला दोन दिवसांत मारू शकतो, आणि तिथं औषध न देणं हीच चूक ठरते. फिप्रोनिलचा ०.२५ टक्क्यांचा फवारा अगदी लहान पिल्लांवरही पशुवैद्यकाच्या सांगण्यानुसार वापरता येतो. त्याच फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंब मात्र आठ आठवड्यांनंतरच. अॅमिट्राझ हे गोचिडींचं औषध पहिल्या चार महिन्यांत नको. पाजणाऱ्या कुत्रीच्या गळ्यात औषधी पट्टा घालू नका, कारण पिल्लं दिवसभर त्याच गळ्याशी झोपतात. आणि कुत्र्याचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला कधीच नको, कोणत्याही वयात. मांजराचं यकृत ते तोडू शकत नाही. नुकतीच मांजर व्यायलेल्या खोलीत रात्रभर डासांचं यंत्र लावण्यापेक्षा खिडकीला जाळी लावणं बरं.

गोशाळांसाठी

सगळ्यात मोठी चूक मापात होते, आणि ती ‘लिटरला दोन मिली’ या तोंडपाठ वाक्यामुळे होते. डेल्टामेथ्रिनचं गोचिडींसाठीचं पशुवैद्यकीय औषध १.२५ टक्के असतं. लिटर पाण्यात २ मिली टाकलं की २५ मिलिग्रॅम औषध झालं. अॅमिट्राझ १२.५ टक्के, २ मिलीला २५० मिलिग्रॅम. आता शेतीच्या दुकानातली क्लोरपायरिफॉस ५० टक्के आणि सायपरमेथ्रिन ५ टक्के ही जोडगोळी त्याच २ मिलीनं घेतली तर पाण्यात ११०० मिलिग्रॅम औषध जातं. डेल्टामेथ्रिनच्या ४४ पट, शिवाय पिकासाठी घातलेली विरघळवणारी द्रव्यं वेगळीच. ‘सोयाबीनवर चालतं, गोचिडीवरही चालेल’ म्हणून ही बाटली गोठ्यात येते. येऊ देऊ नका. क्लोरपायरिफॉसचा घरगुती वापर अमेरिकेनं २००० सालच्या करारानं संपवायला घेतला, युरोपीय संघानं २०२० साली मान्यता पुढे चालू ठेवली नाही, आणि मे २०२५ मध्ये ते टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. वाढत्या मेंदूवरचा परिणाम हे त्यामागचं एक मुख्य कारण. आपल्याकडे ते दुकानात सहज मिळतं, म्हणून ते गोठ्याच्या दाराबाहेर ठेवायची जबाबदारी गोठा चालवणाऱ्यावर येते.

दर गाभण गाईच्या गळ्यात ठळक रंगाची दोरी बांधा. दहा-बारा गडी पाळीनं काम करतात, वही कुणी उघडत नाही, दोरी मात्र सगळ्यांना दिसते. दोरी असलेल्या गाईवर अंगभर फवारा नाही. गोचिडी हातानं काढायच्या, आणि औषध लागलंच तर पशुवैद्यकानं सांगितलेलं, सांगितलेल्या जागीच.

बाकी जनावरांवर फवारायच्या दिवशी आधी पोटभर पाणी पाजा. तहानलेलं जनावर ओलं अंग चाटतं. गव्हाणीतला चारा काढा, भांडी उपडी करा. सकाळी लवकर काम उरका. कास, तोंड आणि डोळे वगळा. वासरं वेगळ्या, आधी न फवारलेल्या जागेत ठेवा, आणि गाईचं अंग पूर्ण वाळून, सड कोमट पाण्यानं धुऊन झाल्यावरच वासरू सोडा. उरलेलं पाणी नालीत ओतू नका. इथल्या नाल्या शेवटी कान्ह नदीला मिळतात, आणि बेडकांची नि माशांची पिल्लंही याच औषधांना बळी पडतात. झेब्राफिशच्या अंड्यांना पहिल्या पाच दिवसांत पाण्यातून थोडं क्लोरपायरिफॉस मिळालं तरी पुढे पिल्लांचं पोहणं मंदावतं, हे ड्यूकमध्येच दिसलं आहे. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला असलेल्या गोठ्यांनी हे विशेष पाळावं.

गाई-बैलांवरची गोचीड कुत्र्याच्या गोचिडीसारखी नाही. ती एकाच जनावरावर साधारण तीन आठवडे राहते आणि भरली की अंडी घालायला खाली पडते. म्हणून गोठ्यात दर दोन-तीन दिवसांनी भरलेल्या गोचिडी वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या तर पुढची पिढीच तुटते. काम कंटाळवाणं आहे, पण एका वेचलेल्या मादीबरोबर दोन-तीन हजार अंडी जातात.

बागेसाठी, थोडक्यात

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की माळी इमिडाक्लोप्रिड मारतो. हे औषध झाडाच्या रसात शिरतं आणि फुलाच्या मधात, परागात उतरतं. मधमाशी ते पोळ्यात नेते आणि अळीला भरवते. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत तयार होते. तीन दिवस अंडं, सहा-एक दिवस अळी, बाकी कोष. अळीच्या दिवसांत अगदी सूक्ष्म इमिडाक्लोप्रिड मिळालेल्या माश्या जगल्या, उडल्या, पण वासाची नि साखरपाण्याची जोडी त्यांना नीट शिकता आली नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजनं २०२० मध्ये भुंगेमाशीच्या मेंदूचे क्ष-किरणांनी बारीक छेद पाहिले. वाढीच्या दिवसांत औषध मिळालेल्यांत शिकण्याचं केंद्र असलेला छत्रीसारखा भाग लहान भरला, आणि पुढे स्वच्छ अन्न मिळूनही ती उणीव भरून निघाली नाही. पिठ्या ढेकणासाठी लिटरला ५ मिली मऊ साबणाचं पाणी, तीन-चार दिवसांच्या अंतरानं तीनदा, पानाच्या खालच्या बाजूनं. ढेकणाचं मेणचट आवरण भिजायला हवं, म्हणून नुसता शिंतोडा पुरत नाही. औषध लागलंच तर झाड फुलोऱ्यात नसताना.

नव्या बांधकामात वाळवीसाठी जमिनीत क्लोरपायरिफॉस ओततात, २० टक्क्यांचं १ लिटर आणि पाणी १९ लिटर, चौरस मीटरला ५ लिटर. तिथं खड्डा उघडा असेपर्यंत गल्लीतलं कुत्रं, मांजर आत जाणार नाही एवढं कुंपण हवं, आणि काँक्रीट त्याच दिवशी वर पडायला हवं.

विषबाधा झालीच तर: लाळ, पातळ शी, बारीक झालेली बाहुली आणि स्नायूंची फडफड म्हणजे सेंद्रिय फॉस्फरस. यावर अॅट्रोपिन आहे, पण ते पशुवैद्यकाच्या हातून. कान-कातडी फडफडणं, थरथर आणि झटके, पण बाहुली बारीक नाही, तर बहुधा पायरेथ्रॉइड. दोन्हींत अंग भांडी घासायच्या सौम्य साबणानं कोमट पाण्यात धुवा, पिल्लाला लगेच कोरडं करून ऊब द्या, ओकारी काढू नका, दूध पाजू नका. रिकामी बाटली सोबत न्या. औषधाचं नाव कळलं की अर्धा तास वाचतो. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यायचं असेल तर निघण्याआधीच फोन करून ते नाव सांगा.

आता आमची मागणी, जी तुम्ही पुढच्याच बैठकीत मंजूर करू शकता. फवारणीचं काम ज्याला देता त्याच्याकडून प्रत्येक वेळी एका कागदावर लिहून घ्या: औषधाचं मूळ नाव (बाजारातलं नाव नव्हे), टक्केवारी, लिटरला किती मिली, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठून कुठपर्यंत. ‘हर्बल’ किंवा ‘सेफ’ एवढंच लिहिलेलं असेल तर कागद परत करा. त्याच कागदाच्या खाली तुमच्या बाजूनं तीन ओळी: व्यायलेल्या कुत्र्या नि मांजरी कुठं आहेत, पिल्लं किती आठवड्यांची आहेत, गोठ्यात गाभण जनावरं किती. हा कागद सूचनाफलकावर फेरीच्या दोन दिवस आधी लागला पाहिजे, म्हणजे चौथ्या मजल्यावर ज्यांची मांजर परवा व्यायली आहे त्यांनाही कळेल. कागद फेकू नका, फायलीत लावा. पुढच्या उन्हाळ्यात एखादं कुत्रं मुलांवर धावून जातं अशी तक्रार आली, तर त्याची कारणं अनेक असू शकतात. उपासमार, आईपासून लवकर तुटणं, डिस्टेंपर या विषाणूरोगाचा ताप, दगड मारणारी माणसं. पण त्या यादीत हा कागदही तपासायला हवा, आणि तो तेव्हा हाताशी असायला हवा.

या वर्षीची पहिली धुराची फेरी अजून झाली नसेल तर पिल्लं शोधायची चक्कर आज संध्याकाळीच मारता येईल.

आपले नम्र,
पशुवैद्यक आणि प्राणिवर्तनाचे काही अभ्यासक
इंदूर